दंडातला उंदीर, आपली बेटकुळी आणि डॉक्टरी शब्दांचं भ्या

मागच्या महिन्यात सकाळी साडेसहाला मामांचा फोन, कागलहून. आदल्या दिवशी पोटाची सोनोग्राफी झालेली, रिपोर्ट हातात आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. "आरं, मेगा काय तरी लिवलंय. मेगा म्हंजे मोठंच असणार की." म्हटलं फोटो पाठवा. फोटोत खाली लिहिलेलं, माइल्ड हिपॅटोमेगॅली, ग्रेड वन फॅटी लिव्हर, नो कोलेलिथियासिस.

मामांचा अंदाज चुकला नव्हता, मेगा म्हणजे मोठंच. हिपॅटो म्हणजे लिव्हर. म्हणजे लिव्हर थोडं वाढलंय, त्यात जराशी चरबी साठलीय, आणि कोले म्हणजे पित्त, लिथो म्हणजे दगड, तर पित्ताच्या पिशवीत खडे नाहीत. बघा आता, मेगाच्या जोडीला ज्या कोलेलिथियासिसनं माणूस रात्रभर जागा राहिला त्याच्या आधी चक्क 'नो' लिहिलेलं होतं, पण एवढा लांब शब्द समोर आला की माणसाला 'नो' दिसतच नाही.

माझं कोल्हापुरात मंगळवार पेठेत मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही हे पहिलंच सांगतो, पण लोक गोळ्यांची चिठ्ठी देता देता रिपोर्ट पण पुढं सरकवतात आणि "एवढं काय लिहिलंय बघा की ओ" म्हणतात. पंधरा वर्षं हे बघून एक गोष्ट कळली की आजारापेक्षा जास्त भ्या त्याच्या नावाचं असतंय, आणि नाव फोडलं की आत बहुतेक वेळा एकदम साधी, गावातल्या माणसानं ठेवावी तशी गोष्ट निघते.

पेपरातलं ते जीबीएस

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमची, साथ आली तेव्हा इथं काउंटरवर रोज तोच विषय. कुणी गुलेन बॅरी म्हणायचं, कुणी गुलियन बारी, एक काकू तर गुलाबबारी म्हणाल्या आणि मी दुरुस्त पण केलं नाही, ऐकायला बरं वाटत होतं. ही मुळात माणसांची नावं आहेत. जॉर्ज गियाँ आणि जाँ अलेक्झांडर बारे, फ्रेंच सैन्यातले डॉक्टर, १९१६ साली पहिल्या महायुद्धात त्यांनी दोन सैनिकांचा असा अशक्तपणा लिहून ठेवला. त्यांच्याबरोबर आंद्रे स्ट्रोल नावाचा तिसरा पण होता, पण आजाराच्या नावातून तो गळाला. त्याचं कधी कधी वाईट वाटतं.

राहिलं सिंड्रोम. ग्रीकमध्ये सिन म्हणजे बरोबर आणि ड्रोमॉस म्हणजे धावणं. लक्षणं एकत्र धावत येतात म्हणून सिंड्रोम, बस्स. वारीतल्या दिंडीसारखं म्हणा, एक दिसला की मागचे येणारच. जीबीएसमध्ये होतं काय, तर एखादं इन्फेक्शन होऊन गेल्यावर शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा चुकून आपल्याच नसांवर चालून जाते, मग पायापासून मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा वर वर चढत जातो.

आणि ते इन्फेक्शन करणाऱ्यांपैकी एक जंतू पण तेव्हा पेपरात रोज यायचा, कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी. नाव ऐकूनच जुलाब व्हावेत असं. फोड करा. कॅम्पायलो म्हणजे वाकडी, बॅक्टर म्हणजे काठी, तर वाकडी काठी, कारण मायक्रोस्कोपखाली तो तसाच दिसतो. जेजुनी हे जेजुनम या लहान आतड्याच्या भागावरून, आणि लॅटिनमध्ये जेजुनस म्हणजे उपाशी. पूर्वी मेलेल्या माणसाचं पोट उघडून बघणाऱ्यांना हा भाग बहुतेक वेळा रिकामा सापडायचा, म्हणून त्याचं नाव उपाशी आतडं. म्हणजे सगळं मिळून 'उपाशी आतड्यातली वाकडी काठी'. आजार गंभीर आहेच, त्यात काही चेष्टा नाही, पण नाव असं मराठीत वाचलं की निदान छातीत धस्स होत नाही.

त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक

आता माझा सगळ्यात आवडता भाग, इथं जरा वेळ घेतो.

गंगावेस तालमीत कुठल्या पण पैलवानाला दंड वळवायला सांगा, वर गोळा उचलून येतो त्याला आपण बेटकुळी म्हणतो. बेडकासारखी टुणकन वर येते म्हणून बेटकुळी. रोमन लोकांनी हेच बघितलं आणि त्यांना वाटलं कातडीखाली उंदीर पळतोय. लॅटिनमध्ये उंदीर म्हणजे मूस, छोटा उंदीर म्हणजे मस्क्युलस, आणि त्यावरूनच आला मसल. गणपतीच्या मूषकाचं आणि या मूसचं मूळ एकच आहे. म्हणजे जिममध्ये जाऊन मसल बनवणारा गडी उंदीर पाळतोय आणि तालमीतला बेडूक, एवढाच काय तो फरक.

शरीराची बहुतेक नावं अशीच पडलीत, बघून, कशासारखं दिसतंय त्यावरून. गुडघ्याला आपण वाटी म्हणतो, वाटी सरकली म्हणतो, आणि रिपोर्टात लिहितात पटेला, ते म्हणजे लॅटिनमध्ये छोटी थाळी. वाटी आणि थाळी, एकाच मांडणीवरची भांडी. डोळ्यातल्या काळ्या बुबुळाच्या मधे जी बाहुली असते तिला इंग्रजीत प्युपिल म्हणतात, आणि प्युपिला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी बाहुलीच, कारण समोरच्याच्या डोळ्यात वाकून बघितलं की आपली एवढीशी प्रतिमा दिसते. हजारो कोस लांब राहणाऱ्या दोन भाषांना तिथं बाहुलीच दिसावी हे मला अजून पण भारी वाटतं.

पोटरीचं बघा. पोटासारखी फुगलेली म्हणून पोटरी. त्या मसलचं डॉक्टरी नाव गॅस्ट्रोक्नेमियस, गॅस्टर म्हणजे पोट, क्नेमे म्हणजे नडगी, पायाचं पोट. अक्षरशः तेच! पोटरीच्या आतल्या दुसऱ्या मसलचं नाव सोलियस, लॅटिनमध्ये सोलिया म्हणजे चप्पल, चपटा आहे म्हणून. कोल्हापूरकरानं नाव ठेवलं असतं तर वेगळं काही ठेवलं नसतं. आणि समोरचं नडगीचं हाड टिबिया, म्हणजे बासरी, पोकळ असतंय म्हणून. आपण मटणात काय म्हणतो त्याला? नळी. रोमन माणसाला ते वाजवावंसं वाटलं, आपल्याला फोडून चोखावंसं वाटलं.

कधी कधी मात्र दोघांची नजर वेगळी पडते. पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक, तिथं आपल्याला शेपूट आठवलं म्हणून आपण माकडहाड म्हटलं. ग्रीकांना तिथं कोकिळेची चोच दिसली, म्हणून कॉक्सिक्स. मोतीबिंदूत आपल्याला मोती दिसला, तिकडं कॅटरॅक्ट म्हणजे धबधबा, डोळ्यावर पाणी उतरल्यासारखं धूसर होतंय म्हणून. (आपलं मोती हे नाव जास्त सुंदर आहे, यात वाद नको.)

आणि लहान आतड्याचा पहिला भाग ड्युओडेनम, त्याचा अर्थ बारा. साधारण तेवीसशे वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियात हेरोफिलस नावाच्या डॉक्टरनं त्याची लांबी बोटांनी मोजली आणि ती बारा बोटं भरली. आपल्याकडं जुन्या मापात बारा अंगुळं म्हणजे एक वीत. तर ते आतडं म्हणजे 'वीतभर', आणि आजची पुस्तकं पण साधारण पंचवीस सेंटीमीटरच सांगतात.

काही शब्द तर आपल्याच भावकीतले

मूस आणि मूषक ही एकच जोडी नाही. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच जुन्या कुळातल्या भाषा, त्यामुळं अवयवांची नावं बऱ्याच ठिकाणी जुळतात. ऑस्टिओपोरोसिसमधला ऑस्टिओ म्हणजे अस्थि. डेंटलमधला डेंट म्हणजे दंत. लॅटिन जेनू म्हणजे गुडघा, आपला जानु, आजानुबाहूमधला. व्हायरस हा लॅटिन शब्द, अर्थ विष, आणि विष हा शब्द त्याचा सख्खा चुलतभाऊ, म्हणून विषाणू हे भाषांतर इतकं चपखल बसलंय.

मधुमेहाची गोष्ट तर वेगळीच. मेह म्हणजे लघवी, मधु म्हणजे मध. आपल्या जुन्या वैद्यांनी बघून ठेवलं होतं की अशा माणसाच्या लघवीला मुंग्या लागतात. तिकडं डायबेटीस म्हणजे नुसतं 'आरपार वाहून जाणं', कारण सारखी लघवी होते, आणि पुढं सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरनं लघवीची चव घेऊन (होय, चव) ती गोड लागते असं लिहून ठेवलं, त्यावरून नंतर मेलिटस शब्द जोडला गेला, म्हणजे मधासारखी गोड. आपल्याकडं हे काम मुंग्यांवर सोपवलं होतं, जास्त शहाणपणाचं.

पण जुळतंय म्हणून सगळंच जोडू नका, फसाल. ऑर्थोपेडिकमधला 'पेड' म्हणजे पाद, पाय, असं मी पण कितीतरी वर्षं समजत होतो. तो आहे ग्रीक 'पाइस' म्हणजे मूल, पीडियाट्रिकमधला. आणि ऑर्थो म्हणजे हाड नव्हेच, ऑर्थो म्हणजे सरळ. १७४१ साली निकोलस आंद्री या फ्रेंच डॉक्टरनं हा शब्द तयार केला, मुलांचे वाकडे हातपाय सरळ कसे करावेत यावरच्या पुस्तकासाठी, आणि त्यात चित्र होतं वाकड्या रोपाला खुंटीला बांधलेलं. ते चित्र आज पण हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनांची खूण आहे. आपण टोमॅटोला काठी बांधतो तसं.

शब्द वाचायचा कसा? शेवटच्या डब्यापासून

डॉक्टरी शब्द म्हणजे रेल्वे समजा, आणि शेवटचा डबा आधी बघा, कारण काय झालंय किंवा काय करणार ते तिथं बसलेलं असतं. पुढचे डबे नुसतं कुठं ते सांगतात.

शेवटी आयटिस असलं की दाह, म्हणजे तो भाग लाल, गरम, सुजलेला, ठणकणारा. गॅस्ट्रायटिस पोटाचा, आर्थ्रायटिस सांध्याचा, हिपॅटायटिस लिव्हरचा. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती हिपॅटायटिस ई, दूषित पाण्यातून पसरणारी. त्यातलं ई हे फक्त अक्षर आहे, कुठल्या व्हायरसनं झालं ते ओळखायला. कावीळ म्हणजे डोळे पिवळे दिसणं, हे लक्षण, आणि हिपॅटायटिस हे त्यामागं लिव्हरला काय झालंय त्याचं नाव, दोन्ही एक नाही, कावीळ पित्ताची नळी खड्यानं अडली तरी होते.

एक्टमी असेल तर कापून काढून टाकणार, ऑटमी असेल तर नुसता छेद देणार, स्कोपी म्हणजे आत डोकावणार. हे तीन कळले तरी ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करताना माणूस जरा ताठ उभा राहतो. आणि प्लास्टी म्हणजे घडवणं, मातीला आकार देतात तसं, प्लास्टिक शब्द पण तिथलाच. अँजिओ म्हणजे भांडं, इथं अर्थातच रक्ताची नळी. अँजिओप्लास्टी म्हणजे शब्दशः भांड्याला आकार देणं, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत चालतं तेच, फक्त इथं आत फुगा घालून नळी रुंद करतात.

एक शब्द वेगळा सांगतो कारण त्यानं सगळ्यात जास्त रडारड होते. ट्यूमर. लॅटिनमध्ये याचा अर्थ निव्वळ सूज. आज गाठीला म्हणतात, आणि गाठ साधी पण असते. ट्यूमर लिहिलंय म्हणजे कॅन्सरच, असं नाही. तसंच अ‍ॅक्यूट म्हणजे भयंकर नव्हे, अ‍ॅक्यूट म्हणजे एकदम उद्भवलेलं, आणि क्रॉनिक म्हणजे फार दिवस चाललेलं, त्याला आपला 'जुनाट' शब्द किती छान आहे. साधी सर्दी अ‍ॅक्यूट असते.

मग सरळ मराठीत का लिहीत नाहीत?

हे सगळेच विचारतात, रागानं विचारतात. राग बरोबर आहे पण कारण पण आहे. कागलच्या माणसाचा रिपोर्ट उद्या मुंबईला गेला, तिथून चेन्नईला गेला तरी तिथल्या डॉक्टरला तोच अर्थ लागायला पाहिजे. आता मराठीतच बघा, 'पोटात दुखतंय' म्हणताना माणूस छातीखालपासून ओटीपोटापर्यंत कुठं पण हात ठेवतो. 'वात' म्हणजे कुणाला सांधे, कुणाला गॅस, कुणाला झटका. बोलायला ठीक आहे, पण ऑपरेशन नेमकं कुठं करायचं ते 'वात' वरून ठरवता येत नाही. लॅटिन आणि जुनी ग्रीक रोजच्या वापरात नाहीत, त्यामुळं त्यांचे अर्थ आपल्या बोलीसारखे घसरत नाहीत, हा एक फायदाच.

नेमकेपणाचा घोळ कोल्हापूरकरांनी बघायचा असेल तर सीपीआर शब्द घ्या. सगळ्या जगात सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलं की छाती दाबून ते चालू करायचा प्रयत्न. आपल्याकडं सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. कुणी कोसळल्यावर "सीपीआर द्या" म्हणून कोणी ओरडलं तर आपली चार पोरं त्याला उचलून रिक्षात घालायची. खरं तर दोन्ही करायचं असतं, आधी छाती दाबायची, १०८ ला फोन लावायचा.

पण रिपोर्ट डॉक्टरनं डॉक्टरसाठी लिहिला तरी पेशंटला तो दोन वाक्यात मराठीत सांगायला काय हरकत आहे, हे माझं मत मात्र ठाम आहे. वेळ नसतो म्हणतात. दोन वाक्यांना किती वेळ लागतोय?

नावावरून आजार कळतोच का?

नाही. इथं सावध राहायचं. नाव ठेवणाऱ्याला त्या काळात जे वाटलं ते नावात अडकून बसलंय. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये 'खराब हवा', दलदलीच्या घाण हवेनं ताप येतो असा समज होता. १८९७ साली रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादला डासाच्या पोटात त्याचा जंतू दाखवला, तरी नाव राहिलं हवेचंच. आपण हिवताप म्हटलं, थंडी वाजून येणारा ताप, कारणाच्या भानगडीत न पडता. ते अजून पण खरं आहे!

व्हिटॅमिन शब्द १९१२ चा, कासिमिर फंकचा, त्याला वाटलं ही सगळी अमाइन जातीची (नायट्रोजन असलेली) रसायनं आहेत, म्हणून नावात 'अमिन', पुढं कळलं की नाहीत. आणि आर्टरी शब्दाचा मूळ संबंध हवेच्या नळीशी, कारण मेलेल्या माणसात या नळ्या रिकाम्या दिसायच्या आणि लोकांना वाटायचं यातून हवा खेळते. आपली धमनी पण ध्मा म्हणजे फुंकणे या धातूवरूनच. दोघांनी मिळून फुंकलं.

नाव काही का असेना, फरक काय पडतो?

पडतो. २००६ ला महाराष्ट्रात चिकुनगुनियाची साथ होती तेव्हा आमच्या आत्यानं घरात कोंबडी बंद केली. चिकन-गुनिया ऐकलं ना तिनं. ज्या घरात रविवारी तांबडा-पांढरा चुकत नाही तिथं आम्ही महिनाभर आमटी ओरपली, आणि डास मात्र मागच्या पिंपात निवांत वाढत होते. शब्द मुळात टांझानियातल्या माकोंडे भाषेतला, १९५२ च्या साथीनंतरचा, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा', सांधेदुखीनं माणूस वाकतो म्हणून. कोंबडीचा काही संबंध नाही. नावामुळं लोकांची बदनामी आणि धंद्याचं नुकसान होऊ नये म्हणून २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की नव्या आजारांना गावाचं, माणसाचं, प्राण्याचं नाव देऊ नका.

माझ्या धंद्यात जास्त धोका हायपर आणि हायपोचा. एका अक्षराचा फरक आणि औषध बरोबर उलटं. थायरॉइड म्हणजे ढालीसारखी ग्रंथी, ती गळ्यात सगळ्यांनाच असते, त्यामुळं "मला थायरॉइड आहे" म्हणणं म्हणजे "मला नाक आहे" म्हणण्यासारखं. ती कमी काम करते तो हायपो, त्याला थायरॉक्सिनची गोळी. जास्त करते तो हायपर, त्याला ती आवरायची गोळी. लक्षात ठेवायला एक सोपं सांगतो, हायपर आणि संस्कृत 'उपरि' एकाच मुळाचे, म्हणजे वर. हायपो आणि 'उप' एकाच मुळाचे, महापौराच्या खाली उपमहापौर असतो तसं. ही खूण सांगितल्यापासून आमच्या गल्लीत कुणी चुकलं नाही.

नाव सांगितलं म्हणजे कारण सांगितलं का?

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथंच लोक गप्प बसतात. तुम्ही म्हणता अंग दुखतंय, कागदावर येतं मायाल्जिया. माया म्हणजे मसल, अल्जिया म्हणजे दुखणं. म्हणजे तुमचंच वाक्य तुम्हाला ग्रीकमध्ये परत मिळालं. खाज सुटलीय म्हणून गेलात, प्रुरायटस लिहिलं, त्याचा अर्थ खाज. कुठं, काय, हे नाव सांगतं. कशामुळं, हे बऱ्याचदा सांगत नाही, ते वेगळं विचारायला लागतं, आणि विचारलं तर चांगले डॉक्टर सांगतात पण.

आणि कधी कधी उत्तर असतं इडिओपॅथिक. इडिओस म्हणजे स्वतःचं, पॅथॉस म्हणजे दुखणं, आपलं आपणच उपजलेलं दुखणं. सरळ मराठीत, कारण सापडलेलं नाही. रक्तदाबाच्या बहुतेक पेशंटांचा कागद बघा, प्रायमरी किंवा एसेन्शियल हायपरटेन्शन, त्याचा पण अर्थ हाच की एकच असं कारण दाखवता येत नाही. म्हणून गोळी चुकवायची असं नाही हं, कारण कळलं नाही तरी दाब उतरवता येतो आणि उतरवायलाच पाहिजे.

मामांच्या बाबतीत कारण शोधायला ग्रीक लागलं नाही. परवा त्यांनी परत सोनोग्राफी केली, हिपॅटोमेगॅली गेलंय, ग्रेड वन फॅटी लिव्हर तेवढं अजून आहे. पांढरा रस्सा बंद केलाय म्हणतात. तांबड्याचं विचारलं तर फोन कट झाला.